कढई या गावात, झारा त्या गावात

१६ जुलै २००६, रविवार. ट्रॉय, डेट्रॉइटजवळ

कुसुमबाई येऊन आठवडा झाला. मंजिरीची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई. वाशीमहून आल्यात, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. घरभर तुपाचा वास, टीव्हीसमोर वातींचा ढीग. सकाळपासून चौथ्यांदा, "काय करून राह्यल्या विहीणबाई?" काही नाही करून राह्यले, बाई. पेपर वाचते आहे.

नात सई माझ्या लेकाशी, निखिलशी, मंजिरीशी, माझ्याशी, सगळ्यांशी इंग्रजीतच बोलते. आज मात्र कुसुमबाईंच्या पदराला लोंबकळून "मले दे ना व!" मी म्हटलं, "मला म्हण." तर सात वर्षांची पोर मला ऐकवते, "आजी मले म्हणते."

कु.बाई हसल्या. "म्हणू द्या न बापा. मराठीतच तर बोलून राह्यली."

त्याला मराठी म्हणायचं असेल तर आमच्या शाळेतल्या सिस्टर मेरी-अमुकतमुकने मराठीच्या तासाला माझी जीभ घासूनपुसून लख्ख केली ती फुकटच.

२२ जुलै, शनिवार

शेजारच्या हिल्डाकडे सिनेमा. हिल्डा दक्षिण जर्मनीतली, लग्न होऊन इकडे आलेली, माझ्यासारखीच एकटी. भाच्याने तिकडून डिस्क पाठवली. टीव्हीने ती घेतली नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बघितला. कु.बाई पण आल्या ("एकटी कायले बसू घरी?"), कापूस घेऊन.

निवृत्तीनंतर पुण्यात दोन वर्षं जर्मन शिकले, हे मी हिल्डाला केव्हाचं सांगून ठेवलेलं. कु.बाईंना म्हटलं, मी तुम्हाला अर्थ सांगत जाईन.

आणि एक शब्द कळेल तर शपथ! तोंडात उकडलेला बटाटा धरून बोलल्यासारखं. हिल्डाला विचारलं तर अभिमानाने म्हणते, "ही आमच्या डोंगराकडची बोली. बर्लिनच्या लोकांनाही समजत नाही."

गोष्ट अशी. ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं. पूर्वी दोन्ही गावांत मिळून आगीचा एक बंब घेतलेला. मग कुठल्याशा लग्नात मानपानावरून बिनसलं. तेव्हापासून बंब एका गावात, त्याची नळी दुसऱ्या गावात. शहरातून एक साहेब भांडण मिटवायला येतो. त्याचा मात्र शब्द न् शब्द मला कळला. स्वच्छ, शुद्ध जर्मन. परमुलखात आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. बाकीचं मी कु.बाईंना अंदाजाने ठोकून दिलं.

साहेब तोंड उघडायचा आणि हिल्डा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. का कोण जाणे. त्या अख्ख्या सिनेमात धड बोलणारा तो एकटाच.

३० जुलै

इथल्या मराठी मंडळाची मीटिंग, गणपतीच्या कार्यक्रमाची. दरवर्षी तेच ते फॅशन शो आणि अंताक्षरी. मी म्हटलं, मी नाटुकलं लिहिते. सिनेमातला बंब काढून गावजेवणाची कढई घातली: कढई या गावात, झारा त्या गावात. सगळे खूश. "मावशी, तुम्ही रॉकस्टार आहात!" असो.

साहेबाला काढून टाकलं. शुद्ध बोलणाऱ्या माणसात हसण्यासारखं काय असतं? त्याच्या जागी एक बाई घातली आहे. ठसक्याची, भोळसट, जिथे तिथे डिंकाचा लाडू पुढे करणारी, वऱ्हाडीत बोलणारी.

८ ऑगस्ट

ती बाई झकास उतरते आहे. कानांवर दिवसभर मालमसाला पडतोच. आज मुद्दाम विचारलं, "चिडल्यावर तुमच्याकडे काय म्हणतात हो?" कु.बाईंनी सगळं हौसेने सांगितलं, हात नाचवून. "माहं बोलनं तुमच्या कामी येऊन राह्यलं म्हना!" त्यांना वाटतंय, मी काहीतरी मोठं लिहिते आहे.

स्टेजवर त्या बाईचं काम करायला कुणी धजेना. मीच करणार.

मंजिरी रात्री हळूच म्हणाली, "अहो आई, माझ्या आईला वाचून दाखवलंत का?" म्हटलं, सरप्राइज आहे. ती उठून झोपायला गेली. नववा महिना लागायचाय, आधीच थकलेली असते. म्हणून गेली असेल.

१० सप्टेंबर, रविवार

काल शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम. लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

मी येताच हशा. पहिल्या रांगेत कु.बाई. आधी त्याही हसल्या, आपले शब्द स्टेजवरून आले म्हणून. बाजूच्या खुर्चीवरल्या बाईला कोपराने ढोसून काहीतरी सांगितलं सुद्धा. मग मी पदर तोंडाशी नेला, फतकल मारून बसले आणि बोलता बोलता वाती वळू लागले. ते लिहिलेलं नव्हतं. ऐनवेळी सुचलं. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. आणि मला वरून दिसलं, कु.बाईंनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग ते पदराखाली घेतले.

मी थांबले नाही. हशा येत होता ना.

जेवणाच्या रांगेत मुंबईचा एक मुलगा, आयटीतला, त्यांना म्हणाला, "काकू, सेम टु सेम तुमची कॉपी केली यार मावशींनी!" चांगल्या मनाने म्हणाला बिचारा.

हिल्डाही आली होती, रेशमी स्कार्फ घालून. विचारते, "तो साहेब कुठे गेला?" मी म्हटलं, काढला. ती बघतच राहिली. "पण आम्ही तर त्यालाच हसत होतो!"

घरी आल्यावर कु.बाई जिन्याशी थांबल्या. म्हणाल्या, "आपण छान काम केलंत. मी आता झोपायला जाते."

शुद्ध. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? की अरे, येतं की यांना नीट बोलता! लाज वाटायला त्यानंतर क्षणभर लागला. तो क्षण जात नाही डोक्यातून.

१५ सप्टेंबर

कु.बाई: "सई, तुला दूध देऊ का?" तुला. तुले नाही.

सई: "नो, थँक यू." आजीला. इंग्रजीत. हॉलमध्ये ती पण होतीच. लोक कशाला हसतात ते लहान मुलांना सगळ्यात आधी कळतं.

जवळच्या ॲन आर्बर गावच्या मराठी मंडळींचा फोन. पुन्हा प्रयोग करा म्हणे. मी "बघते" म्हणाले. बघते! लगेच नाही म्हणायला काय झालं होतं? नंतर फोन करून गुडघ्याचं कारण सांगितलं. तेही खोटंच.

२४ सप्टेंबर

हिल्डाकडे सिनेमा पुन्हा बघितला, मुद्दाम. साहेब पुलावर उभा राहून एका म्हाताऱ्याचे उच्चार सुधारतो आहे, आणि त्याच्या मागे धान्याचं कोठार पेटलंय. म्हातारा बोट दाखवून कळवळून सांगतोय. साहेब म्हणतो, "आधी नीट म्हणा."

हिल्डा या वेळी माझ्याकडे बघून हसली नाही. कॉफी ओतत बसली.

३ ऑक्टोबर

नातू झाला. मंजिरी ठीक. हॉस्पिटलमध्ये कु.बाईंनी मला हात जोडले. "अभिनंदन." विहीण विहिणीला अभिनंदन म्हणते! परक्या माणसाला म्हणावं तसं. निखिलने माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे वळला. तो आजकाल तेवढंच करतो.

१२ नोव्हेंबर

आज स्वयंपाकघरात त्या एकट्या होत्या, अळीव भिजत घालत. मी म्हटलं, "कुसुमबाई, त्या नाटकाचं..."

"त्याचं काय? चांगलं झालं ते. लोक हसले."

"माझं चुकलं."

"हसण्यासारखंच असेल," म्हणाल्या, आणि अळिवावर झाकण ठेवलं.

मला वाटलं होतं त्या भांडतील. चिडल्यावर काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, त्यांनीच शिकवलं होतं. त्यातलं एक जरी म्हणाल्या असत्या...

वाती आता आपल्या खोलीत वळतात. दार लावून.

६ जानेवारी २००७, शनिवार

कु.बाई गेल्या. डेट्रॉइट विमानतळावर सगळे गेलो होतो.

एक वाक्य ठरवून ठेवलं होतं, त्यांच्या भाषेत. "लवकर परत या न बापा." स्टेजवर दोनशे लोकांसमोर ती बोली माझ्या तोंडून धबधब्यासारखी आली होती. आज त्यांच्यासमोर उभी राहिले आणि कळलं, तोंड उघडलं की ती नक्कलच होणार. माझ्या तोंडात त्या भाषेला दुसरी जागाच मी ठेवलेली नाही. माझ्या भाषेत बोलावं, तर साहेब पुलावर उभाच.

नुसता हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.

"प्रकृतीची काळजी घ्या," म्हणाल्या.

फ्रीजमध्ये डिंकाच्या लाडवांचा डबा निघाला. मंजिरीसाठी असेल. मी हात लावलेला नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

बाहेर ढोपरभर बर्फ.

दर रविवारी वाशीमला फोन. आधी मंजिरी, निखिल, मग मी. "आपण कशा आहात?" "मी बरी आहे, आपण?" संपलं.

मग सई फोन घेऊन जिन्यावर जाऊन बसते. आज मी वर शाल आणायला निघाले होते. पायरीवर पाय ठेवला तर वरून, "आजी, मले बर्फात नाही जाऊ देऊन राह्यले व!" आणि फोनमधून ते हसणं, पाच महिन्यांत न ऐकलेलं.

लाकडी पायरी करकरली. सईने वळून बघितलं. "होल्ड ऑन, आजी," म्हणाली, आणि फोन हाताने झाकून मी पुढे जाण्याची वाट बघू लागली.

मी शाल न घेताच खाली आले. इथे जरा गार आहे. फोन अजून चालू आहे वाटतं.