शामसुंदरअण्णा घरी आले

यशवंतपूर, बेंगळूर
९ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. सुचेताअक्का हिस,
कस्तुरीचा शि. सा. न.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. आमची संस्था जगभर वन्यजीव वाचवते, एवढंच तुला ठाऊक. दिवाळीत आम्ही दिलेल्या खबरीवरून इथल्या मंडीतल्या गोदामावर धाड पडली. पाठीवर चांदण्या असलेली कासवं परदेशी धाडायला पोत्यांत कोंबलेली, निम्मी मेलेली. गोदाम बाबांचे जुने शेजारी शामसुंदरअण्णा यांचं निघालं. पोती उतरवून घेताना मी त्यांना पाहिलं होतं. साक्षीदार मीच.

काल ते जामिनावर सुटून घरी आले. आमचे हे अजून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होते. अण्णांनी कॉफी मागून घेतली, साखर स्वल्प कमी म्हणाले. आमच्या काव्याला जवळ घेऊन तिची शाळेची ऑटो कुठून जाते ते विचारलं. पोरीने सगळं सांगितलं. जाताना मला म्हणाले, कोर्टात माणसाला नीट आठवत नाही, सरी ना, बरोबर ना? तेव्हापासून दाराला आतून कडी आहे.

माया असू दे.
तुझी कस्तुरी

बेळगाव
१३ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. कस्तुरी हिस,
अ. उ. आ.

घास उतरत नाही गं. पालीला भिऊन माझ्यामागे लपणारी तू, आणि हे काय अंगावर घेतलंस? तुझ्या संस्थेला दुसरी बाई मिळेल, काव्याला दुसरी आई मिळायची नाही. शाळा बुडू दे, तिला इकडे पाठव. आणि साक्ष देऊ नकोस. हात जोडते.

उलट टपाली खुशाली कळव, नाहीतर मीच गाडीत बसते.
तुझी अक्का

यशवंतपूर, बेंगळूर
२ मार्च १९९६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न.

काव्या पोचल्याची तार मिळाली. तक्रार द्यायला गेले, तर पोलीस म्हणाले, कॉफी पिणं गुन्हा नाही.

काल साक्ष होती. काही आठवत नाही म्हणायचं, असं ठरवूनच निघाले होते. कोर्टाच्या पायरीवर शामसुंदरअण्णा भेटले. काव्या बेळगावला रमली का, असं हसून विचारलं. अक्का, आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं! तेव्हा कळलं, गप्प बसूनही सुटका नाही. आत गेले, बोट दाखवलं. न्यायाधीशांनी खात्रीसाठी पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा दाखवलं. ते घरी आल्याचंही सांगितलं. जामीन रद्द झाला.

वाचलेली कासवं आज वनखात्याने रानात सोडली. मला बोलावलं होतं. घराबाहेर पाऊल टाकवलं नाही.

अण्णांचा मुलगा नरसिंह मोकळाच आहे. काव्याला अंगणात एकटी सोडू नकोस. बाबांना आता सगळं सांग.

तुझ्याच भरवशावर,
कस्तुरी