अर्ध्या सुराचा फरक

२ ऑगस्ट, सकाळी ९
आजपासून बार माझ्या ताब्यात. दादाच्या खुब्याचं ऑपरेशन, त्यानंतर तीन महिने मुलीकडे विश्रांती. जाताना म्हणाला, तुला जमलं तर तुझ्याच नावावर करतो, नाहीतर सभापती आहेच. सभापती म्हणजे काउंटरवरचा माणूस. तीस वर्षांत तीस वाक्यं बोलला असेल, काउंटरमागून सगळ्यांचं नुसतं ऐकून घेतो, त्यावरून हे नाव पडलं. दादाने तो 'नाहीतर' उगाच घातला. मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. चाळीस मुली एकदम बोलत असताना कोणती खोटं बोलतेय ते मला पाठमोरी असतानाही कळायचं. इथे तर जेमतेम अकरा टेबलं.

फ्लॅटला कुलूप लावून बारच्या वरच्या खोलीत आले. निघताना शेजारणीला सांगावं म्हटलं, पण तिचं नाव आठवेना.

बार शंभर वर्षांहून जुना आहे असं बाहेर पाटीवर लिहिलंय. आतल्या पडद्यांकडे पाहिलं की पटतं. लाइव्ह म्युझिक, गल्लीतली सगळी माणसं एकत्र वगैरे दादा फार कौतुकाने सांगायचा. प्रत्यक्षात कम्युनिटी स्पिरिट औषधालाही नाही. नुसती गर्दी आहे. स्पिरिट मी आणणार.

५ ऑगस्ट, शनिवार
शनिवारी पाच ते आठ संगीत. पियानो दादा वाजवायचा, त्यामुळे आज नुसता अकॉर्डियन. वाजवणारा साठीचा, डोळे मिटून वाजवतो. उघडले तर समोरची माणसं दिसतील, म्हणून असेल. रिटायर झालेला पोस्टमन गातो. गातो म्हणजे कुत्रा अंगावर आल्यावर ओरडावं तसा. गाणं चालू असताना लोक बोलतात, मध्येच टाळ्या वाजवतात, मध्येच स्वतःही गायला लागतात.

मध्यंतरात मी उभी राहून दोन शब्द बोलले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये संगीताच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची, असं सांगितलं. पोस्टमन म्हणाला, मॅडम, टाचण्या ऐकायच्या असतील तर शिंप्याकडे जा. सगळे हसले. मीही हसले. मालकिणीला हसावं लागतं.

८ ऑगस्ट
नियम टाइप करून भिंतीवर लावले. गाणं चालू असताना संभाषण नको. टाळ्या शेवटी. फर्माईश लेखी. सभापतीने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, ग्लास पुसला. मला त्यात संमती दिसली.

१२ ऑगस्ट, शनिवार
नियमांची पाटी उलटी करून कुणीतरी पत्त्यांच्या डावाचे गुण मांडले आहेत. म्हणजे निदान तिच्याकडे लक्ष गेलं.

आज पियानोवर मी बसले. आठ वर्षं कॉन्व्हेंटच्या सिस्टरांकडे शिकलेय. चूक झाली की बोटांवर पट्टी बसायची, त्यामुळे बोटं अजून घाबरून बरोबर पडतात. पहिलाच स्वर दाबला आणि अंगावर काटा आला. पियानो अर्धा सूर खाली! सगळाच्या सगळा. काही पट्ट्या तर त्याहूनही खाली. सिस्टरांना तिथेच घेरी आली असती.

वाजवायची थांबले आणि अकॉर्डियनवाल्याला सांगितलं, हा पियानो बेसूर आहे. तो म्हणाला, माहीत आहे. बाहेर ऊन आहे, माहीत आहे, तसं. मग दुरुस्त का नाही केला, विचारलं. म्हणाला, म्हातारा झाला तो, दर वर्षी थोडा खाली बसतो. त्याला कशाला उठवायचं? आम्हीच बसलो त्याच्याजवळ.

आळशीपणाला माणसं काय काय रूप देतात!

१७ ऑगस्ट
ठरलं. पियानो सुरात आणायचा. दादाला सरप्राइज. सभापती चक्क बोलला: दादांना विचारा. त्याला समजावलं की विचारून देतात ते सरप्राइज नसतं. त्याने पुन्हा ग्लास पुसला. आधीच स्वच्छ होता.

२९ ऑगस्ट
ट्यूनर आला. फार प्रश्न विचारतो. याच्यासोबत आणखी कोणतं वाद्य वाजतं का? मी म्हटलं, त्याचं आपण नंतर बघू. वाजवणाऱ्यांना विचारलंत का? म्हटलं, इथे विचारायचं ते मला. तारा जुन्या आहेत, एवढं ओढलं तर तुटतील, म्हणाला. दोन तुटल्या. चौथ्या टेबलावरचा एक म्हातारा प्रत्येक वेळी दचकला. दुसऱ्या वेळी टोपी काढून हातात धरून बसला. नाटकी माणूस.

३० ऑगस्ट
काम झालं. दार लावून घेऊन एकटीने सिस्टरांनी शिकवलेली वॉल्ट्झ वाजवली. प्रत्येक स्वर जिथल्या तिथे. डोळ्यांत पाणी आलं. पियानो उघडला की आतली धूळ उडते.

२ सप्टेंबर, शनिवार
आज नीट लिहून ठेवते, नंतर कुणी भलतंच सांगायला नको.

पाच वाजता मी सुरुवात केली. अकॉर्डियनवाल्याने साथ धरली आणि दोन जावा भिंतीच्या दोन बाजूंनी भांडाव्यात तसा आवाज झाला. पोस्टमनने तोंड उघडलं आणि कुणाची बाजू घ्यावी ते न कळून मिटलं. मी शांतपणे अकॉर्डियनवाल्याला म्हटलं, आता तुमचं वाद्यही सुरात लावून घ्या.

त्याने अकॉर्डियनचं एक अंग उघडून मला आतल्या सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या दाखवल्या. बोटाच्या पेराएवढ्या, ओळीने लावलेल्या. पियानो खाली बसला की दर वर्षी तो आणि दादा मिळून त्या घासून त्याच्या सुरात आणायचे. एक पट्टी, मग पियानोचा एक स्वर, मग दुसरी पट्टी. तीस वर्षं. धातू घासता येतो मॅडम, म्हणाला, परत चिकटवता येत नाही.

मी म्हटलं, मग नवीन घ्या. त्याने वाद्य पेटीत ठेवलं, दोन्ही पट्टे लावले, आणि सभापतीला, मला नव्हे, येतो म्हणाला. पोस्टमन दारापर्यंत गेला आणि परत येऊन म्हणाला, मॅडम, तुमचं बरोबर आहे. तेच तर वाईट आहे.

कोणत्याही सुधारणेला सुरुवातीला विरोध होतोच. आमच्याकडे डायल बदलून बटणं आली तेव्हाही लोक रडले होते.

९ सप्टेंबर, शनिवार
माझा एकटीचा कार्यक्रम. सुरुवातीला अकरा श्रोते. दुसऱ्या रचनेनंतर चार. शेवटी सभापती. पण काय शांतता! या बारने शंभर वर्षांत अशी शांतता ऐकली नसेल.

११ सप्टेंबर
भाचीचा फोन. आत्या, कसं चाललंय? म्हटलं, उत्तम, शिस्त आली. म्हणाली, बाबांना शनिवारी फोनवर जरा गाणी ऐकवशील का, अंथरुणावर पडून कंटाळलेत, रोज विचारतात. मी म्हटलं, शनिवारी इकडची लाइन खराब असते.

चौतीस वर्षांत मी लाइनबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. अर्थात हे खोटं नव्हेच. रुग्णाच्या मनावर ताण नको.

१६ सप्टेंबर, शनिवार
समोरच्या लाँड्रीतून अकॉर्डियन ऐकू येतोय. सहा वाजता लाँड्री बंद होते आणि ती बाई या लोकांना आत घेते. कपड्यांच्या गाठोड्यांवर बसतात. तिच्याकडे दारूचं लायसन्स नाही, म्हणून चहा पितात. ज्यांच्या पोटाला चहाची ओळखसुद्धा नव्हती असे पुरुष कपबशीत फुंकर घालत बसलेत, खिडकीतून स्पष्ट दिसतं.

जाऊन सांगितलं की आवाजाचा त्रास होतो. लाँड्रीवाली इस्त्री न थांबवता म्हणाली, बाई, मग खिडकी लावून घ्या की. दोन आठवडे बघतेय, शनिवारी तुमची खिडकी सताड उघडी असते.

उकाडा आहे. म्हणून उघडी असते.

२३ सप्टेंबर, शनिवार
समोर बावीस-तेवीस गाणी झाली असतील. मोजत नव्हते.

३० सप्टेंबर
ट्यूनरला फोन केला. केवळ माहितीसाठी. समजा एखाद्याला असा पियानो पुन्हा पूर्वीसारखा खाली करायचा असेल तर? तो म्हणाला, खाली करता येईल, पूर्वीसारखा करता येणार नाही. एकेक तार आपापल्या मर्जीने उतरली होती, कोणती किती ते मी कुठे लिहून ठेवलं? मग विचारलं, बाई, कोण बोलतंय? मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

असल्या माणसाकडे काम द्यायलाच नको होतं. साधी नोंद ठेवता येत नाही.

१४ ऑक्टोबर
सभापतीने शनिवारची सुट्टी मागितली. कारण विचारलं. म्हणाला, शनिवारी तुम्हाला माझा उपयोग नाही, त्यांना चहा करायला माणूस नाही. एका दमात एवढं बोलताना त्याला मी प्रथमच ऐकलं. सुट्टी मंजूर केली, लेखी. तो कागद घडी न घालता काउंटरवरच ठेवून गेला.

संध्याकाळी काउंटरमागे मी उभी. एक जोडपं आलं, पावसाने अडकलेलं. त्यांना म्हटलं, काही वाजवू का? म्हणाले, नको, आम्ही निघतोच आहोत. पाऊस थांबेपर्यंत दारात उभे राहिले.

२८ ऑक्टोबर
दादा बुधवारी येतोय. पडदे धुतले (दुसऱ्या लाँड्रीत). पितळेला पॉलिश. फरशीत तोंड दिसतं. माझंच दिसतं, कारण दुसरं कुणी नसतं. हे विनोदाने लिहिलंय.

१ नोव्हेंबर, बुधवार
दादा आला. काठी टेकत आधी पियानोपाशीच. बसायला त्याला वेळ लागला, मी हात दिला. त्याने एकच स्वर दाबला. मग डावीकडचा एक. मी विचारलं, कसा आहे? म्हणाला, बरोबर आहे गं. अगदी बरोबर आहे. आणि झाकण असं लावलं की आवाजसुद्धा झाला नाही. भारावला होता.

माणसं कुठायत, त्याने विचारलं. म्हटलं, आज बुधवार. तो बरं म्हणाला. मग मीच विषय काढला, की तू जाताना जे बोलला होतास त्याचं काय. म्हणाला, शनिवारी कागद करून टाकू. बार तुझा. शब्द म्हणजे शब्द. मी जिंकले, आणि तेही एका वाक्यात! मात्र काठी शोधताना पुटपुटला, मला वाटलं होतं तुला इथे माणसं मिळतील. काय म्हणायचं होतं कोण जाणे. ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनी डोकं जड होतं म्हणतात.

४ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी ७
सकाळी सह्या झाल्या. बार माझा. पाच वाजता दारात रांगोळीच काढावी इतका आनंद झाला होता, पण मग दार उघडून काउंटरमागे उभी राहिले. कुणी येण्याआधी मालकिणीने जागेवर असावं.

साडेसहाला सभापती आला. मला वाटलं रुजू व्हायला. म्हणाला, दादा आलेत समोर, गर्दी झालीय, खुर्च्या हव्यात. आठ दिल्या, त्याने दोन फेऱ्यांत नेल्या. नववी मी स्वतः उचलून नेली. मालकिणीनेही हातभार लावावा.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. दादा इस्त्रीच्या टेबलावर हाताने ठेका धरून बसला होता, लाँड्रीवाली त्याला बशीत चहा ओतून देत होती. पोस्टमन गात होता, सगळेच गात होते. मी दाराशी खुर्ची ठेवली आणि जरा कंबर सरळ केली. तेवढ्यात चौथ्या टेबलावरचा तो टोपीवाला म्हातारा तिच्यावर बसला. गाता गाताच मान हलवून मला थँक्यू म्हणाला.

उभ्यानेच ऐकलं. दारातून तसंही जास्त चांगलं ऐकू येतं.