आम्ही वरचे

गुरुजी, आमचं आडनाव तुम्ही दिलंत. शाळेत नाव घालायला आजोबा मला घेऊन आले होते. तुम्ही विचारलंत, "आडनाव?" त्यांना वाटलं, कुठल्या आळीतले ते विचारताय. म्हणाले, "आम्ही वरचे." तुम्ही रजिस्टरात 'वरचे' लिहून मोकळे झालात. सगळी भावकी पाटोळे, मी एकटा वरचे. पुढे चूक कळली तेव्हा तुम्ही हसलात. "राहू दे रे. वरच्याचाच आहेस, त्यात वाईट काय?"

ते आडनाव घेऊन मी कुवेतला आलो, त्याला वीस वर्षं झाली. इथल्या अहमदी शहरातल्या आमच्या ऑफिसात एक इटालियन इंजिनिअर आहे. माझं स्पेलिंग तो त्याच्या भाषेच्या वळणाने वाचतो आणि मला 'वार्के' म्हणतो. त्याचंही आडनाव अगदी थोड्या घरांत आहे आणि अर्थ 'वरच्या अंगाचे' असाच, हे कळलं तेव्हा चहा पिताना आम्ही पुष्कळ हसलो. त्याच्या घराण्यातले काही जण अर्जेंटिनाला गेले, तिथे बंदरावरच्या कारकुनाने एक अक्षर गाळलं. "आता ते आम्हाला आपलं मानत नाहीत," तो म्हणाला. मला तेव्हा गंमत वाटली होती.

आता वाटत नाही. अरबीत आपला 'व' आणि 'च' नीट बसत नाहीत, म्हणून माझ्या ओळखपत्रावर 'फारशी' आहे. मुलीचा पासपोर्ट नवा झाला, तिचं नवं कार्ड परवा आलं. आमच्या ऑफिसचा मंदूब, म्हणजे सरकारी खिडक्यांवर कागद फिरवणारा माणूस, रत्नागिरीचा आहे. त्याने कार्ड उजेडात धरलं. "भाऊ, अरबी 'श'वरचे तीन ठिपके गेले की, 'स' झाला. बाप फारशी, लेक फारसी. म्हणजे इथल्या भाषेत इराणी करून टाकलीत पोरगी." मग हसू आवरून म्हणाला, "खिडकीवाला विचारेल, ही तुमची कोण? काय सांगाल?"

तिचा इकामा, इथे राहण्याचा परवाना, माझ्या नावावर आहे आणि तो गुरुवारी संपतो. आडनाव जुळलं नाही तर बारावीची परीक्षा टाकून तिला एकटीला गावी पाठवावं लागेल. जपाला बसतो, पण मणी बोटांत अडकून राहतो. ती म्हणते, "बाबा, इट्स जस्ट डॉट्स," आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालते. उद्या सकाळी दोघं खिडकीवर जाणार आहोत. तुमच्या सहीचा शाळा सोडल्याचा दाखला मी फाइलमध्ये ठेवलाय. तिथे मराठी कोण वाचणार, ते मलाही कळतं.

कार्डाचा अर्ज टाइप करून घेतला त्या दुकानात चूक झाली, असं मी मुलीला आणि मंदूबालाही सांगितलंय. पण गुरुजी, अर्ज टाइप करताना त्या माणसाने मान वर करून मला विचारलं होतं, "फारसी?" फरक मला ऐकू आला होता. मागे रांग होती, तो चिडेल अशी भीती वाटली, आणि मी हो म्हणालो.