‘भूक नाही’ या विधानाची चौकशी

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरचा, प्रत्यक्षात आता खाली वाकलो की उठवायला माणूस लागतं, आणि ते माणूस आधी पोटभर हसून घेतं.) तुझं पत्र मिळालं. ‘आम्ही सगळे ठीक आहोत’ असं त्यात लिहिलं आहेस. ताई, विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांची तपासणी करण्यात माझी हयात गेली. ‘ठीक’ हा शब्द दिसला की माझे कान टवकारतात. तेव्हा गुडघा नक्की कसा आहे, भाऊजींचा खोकला कोरडा की ओला, आणि तू जिना खरोखर चढतेस की चढते म्हणून सांगतेस, हे सविस्तर लिही. भाऊजींच्या हातची वेगळी चिठ्ठी सोबत आली तर पडताळून बघता येईल.

इकडे आम्हीही ठीक आहोत. म्हणजे नव्हतो, आता जरासे आहोत. झालं असं, की आमची मोठी (चौदा पूर्ण झाली, उंचीने आईला मागे टाकलं आणि उलट उत्तरं देण्यात मला) काही महिन्यांपासून जेवणाच्या टेबलावर संशयास्पद वागायला लागली. ताट पुढ्यात घेऊन बसायची, चमचा हातात धरायची, पण ताटातलं काही पोटात जायचं नाही, त्याची नुसती बदली व्हायची. उजवीकडची भाजी डावीकडे, डावीकडचा भात भाजीवर, आणि शेवटी सगळ्यावर पोळीचा तुकडा पांघरूण घातल्यासारखा. मग ‘पोट भरलं’ म्हणून उठायची. कशानं भरलं? हवेनं? माझ्या धंद्यात माल तसाच राहून कागदोपत्री संपला की त्याला एक नाव असतं, ते घरात उच्चारत नाहीत.

मी गंमत करतोय असं वाटेल, पण आतून हादरलो होतो. आमच्या कचेरीतल्या हिशेबनीसबाईंची मुलगी गेल्या वर्षी अशीच ‘भूक नाही, भूक नाही’ म्हणता म्हणता दवाखान्यात जाऊन पडली. बाई तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. ते बघितल्यापासून ‘भूक नाही’ हे दोन शब्द ऐकले की माझ्या पोटात खड्डा पडतो. मग मी मला येतं ते करायला लागलो, म्हणजे नजर ठेवायला. मोठी जेवायला बसली की मी समोरची खुर्ची पकडायचो. ‘एवढंच?’ ‘काल तर आवडलं होतं.’ ‘ही फोड कुणासाठी ठेवलीस?’ ‘तुझ्या वयात मी दगड पचवायचो.’ जितकं मी बघायचो तितकं ती कमी खायची, आणि ती जितकं कमी खायची तितका मी डोळे फाडून बघायचो. तुझी भावजय एकदा म्हणाली, “तुम्ही समोर बसलात की मलासुद्धा घास गिळताना सही करावीशी वाटते.” हे मी टोमणा म्हणून घेतलं. सूचना म्हणून घ्यायला हवं होतं.

धाकट्याच्या बाबतीत मी वेगळा मार्ग धरला होता. तो सात वर्षांचा, आणि जगातल्या फक्त पांढऱ्या वस्तू खातो: पाव, दूध, भात, उकडलेला बटाटा. मी म्हटलं, आमिष दाखवावं. ‘गाजर संपव, मग चॉकलेट.’ पहिल्या दिवशी काम झालं. पुढे त्याने भाव वाढवायला सुरुवात केली, आणि एक दिवस माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, “बाबा, चॉकलेट खाल्लं तर तुम्ही कधी गाजर बक्षीस देत नाही. म्हणजे गाजर वाईटच असणार ना?” ताई, पोराने मला बरोबर पकडलं. लाच दिल्याशिवाय जी गोष्ट पुढे सरकत नाही तिच्यात खोट असते, हे मी स्वतः नव्या पोरांना कचेरीत शिकवतो. मग चॉकलेटं कपाटात कुलूपबंद केली. तर घरात कुणालाच त्या कपाटाशिवाय दुसरं काही दिसेना. चॉकलेटं कमी होत गेली, म्हणून मी कडीवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवून ठेवली. संध्याकाळी पांढरे डाग सापडले ते तुझ्या भावजयीच्या बाहीवर. (हे तिला मी सांगितल्याचं बोलू नकोस. किल्ली तिच्याकडे कशी आली, त्याचा तपास अजून चालू आहे.)

असो. मोठीकडे येतो. घरी चिमणीएवढं खाणाऱ्या या मुलीचा शाळेचा डबा मात्र रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. दुसऱ्या एखाद्या बापाला आनंद झाला असता. मला घाम फुटला. इतका स्वच्छ डबा जेवलेल्या माणसाचा नसतो, पुरावा धुणाऱ्याचा असतो. शिवाय शाळा सुटल्यावर ती ‘वाचनालयात थांबते’ म्हणायची आणि येताना केस ओले असायचे. वाचनालयात पाऊस पडतो का? तुझ्या भावजयीला विचारलं तर ती म्हणाली, “मुलींचे केस असतात कधी ओले.” हे उत्तर फारच तयार होतं. घरात कट शिजतोय अशी माझी खात्री झाली.

मग एका दुपारी मी कचेरीतून लवकर निघालो आणि शाळेच्या फाटकासमोर चपला दुरुस्त करणाऱ्याच्या आडोशाला उभा राहिलो. (नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून चांगल्या बुटाला टाका घालून घेतला. आता तो बोचतो.) मोठी दोन मैत्रिणींबरोबर बाहेर पडली, वाचनालयाच्या बरोबर उलट्या दिशेला वळली आणि पोहण्याच्या सार्वजनिक तलावाच्या आवारात शिरली. मी मागोमाग. वर प्रेक्षकांसाठी बाकं आहेत आणि बाजूला काचेची भिंत असलेलं उपाहारगृह. मी खांबाच्या मागे जागा धरली. आत दमट हवा, त्यामुळे चष्म्यावर वाफ. पुसेपर्यंत दिसायचं आणि दिसेपर्यंत पुन्हा वाफ.

पण जे दिसलं ते सांगतो. आपली मोठी माशासारखी पोहते, ताई! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता. मग अंगाला पंचा गुंडाळून ती मैत्रिणींबरोबर उपाहारगृहात आली आणि जेवली. जेवली म्हणजे काय, तुटून पडली! म्हणजे डबाही हीच फस्त करत असणार. उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव, केळं, वर मैत्रिणीच्या बशीतलं उचललेलं काहीतरी. तोंड भरलेलं असताना हसत होती, पावाचा चुरा सांडत होती, आणि तिच्या बशीकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (तलावाच्या पाण्यात औषध टाकतात, ते झोंबतं.) हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की ही माझ्यासमोर अशी का जेवत नाही? मी हिचा शत्रू आहे का?

इतक्यात खांद्यावर हात पडला. तिथल्या पहारेकरीणबाई. अंगापिंडाने दणकट, आणि चेहऱ्यावर तोच भाव जो मी आयुष्यभर इतरांना दाखवत आलो. “मघापासून बघतेय. इथे खांबामागे काय चाललंय?” मी घाबरून धंद्याच्या सवयीने बोलून गेलो, “तपासणी.” “कसली?” “मुली काय खातात, त्याची.” ताई, यापेक्षा वाईट उत्तर त्या जागी देता आलं नसतं. मी माझं म्हणणं नीट मांडायला गेलो तसतसा अधिक गुन्हेगार दिसत गेलो. खरं बोलणारा माणूस किती खोटा वाटतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. बाईंनी मला कोपराला धरून सगळ्या तलावाच्या कडेने पोहणं शिकवणाऱ्या सरांपुढे नेलं. मुली थांबून बघायला लागल्या. सरांनी मोठीला बोलावलं आणि विचारलं, “हे गृहस्थ तुझे वडील आहेत म्हणतात. ओळखतेस?”

मोठीने माझ्याकडे बघितलं. गरजेपेक्षा बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “हो. बाबाच आहेत.” आणि हळूच, “इलाज नाही.”

परत येताना ती पुढे, मी मागे, बोचणाऱ्या बुटानं लंगडत. बराच रस्ता गेल्यावर मी विचारलं, पोहण्याचं घरी का सांगितलं नाहीस? ती थांबली. म्हणाली, “आईला माहितीय. तलावाच्या अर्जावर सही तिचीच आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पोहण्याचंही ताट केलं असतं. किती पोहलीस? एवढंच? कालपेक्षा कमी का?” मी म्हटलं, अगं, मला काळजी वाटते. तर म्हणाली, “माहितीय मला. पण बाबा, तुम्ही बघत असलात की मला भूक लागलीय की नाही तेच कळत नाही. फक्त तुम्ही कळता.” एवढं बोलून ती पुन्हा चालायला लागली, पण या वेळी माझ्या चालीनं.

घरी आल्यावर तुझ्या भावजयीला मी जाब विचारला. ती म्हणाली, “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिथे तपासणीला गेला असतात.” मी म्हटलं, गेलोच की! “तेच म्हणतेय मी,” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. (आजारी मी नव्हतो, पण तपासणी माझीच झाली.) बाईंनी मोठीची उंची, वजन, रक्त सगळं आधीच बघून ठेवलं होतं. मुलगी छान वाढतेय. पुन्हा खाणं टाकलं, गळायला लागली, तर वाट न बघता घेऊन या, म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “काय शिजवायचं आणि कधी वाढायचं, ते तुमचं काम. त्यातलं किती खायचं, ते मुलांचं. तुम्ही त्यांचं काम करता, म्हणून त्यांना ते येईनासं झालंय.” मी विचारलं, औषध? “गप्प बसायचं. आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं.” इतकं सोपं औषध देणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास बसत नाही. मी दाराशी थांबून पुन्हा विचारलं, काही लपवत तर नाही ना? बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हापासून आमच्याकडे भांडी टेबलाच्या मधोमध असतात, ज्याला जे हवं ते तो वाढून घेतो, आणि जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही. चॉकलेटचं कुलूप काढलं. कधीमधी एखादं जेवणाबरोबरच ताटात पडतं, बक्षीस म्हणून नाही आणि गुन्हा म्हणूनही नाही. पहिल्या आठवड्यात धाकटा ते आधी खायचा. आता कधी विसरतोही. (विसरतो की साठवतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही.) माझे मात्र हाल झाले. कुठे बघावं कळेना. मी छताकडे बघत जेवतो, मान आखडलीय. जेवणाशिवाय बोलायचं काय, तेही सुचेना, म्हणून मी विम्याच्या पैशांसाठी स्वतःचीच गोदामं जाळणाऱ्यांच्या गोष्टी सांगायला लागलो. मोठीला त्या आवडतात असं निघालं! परवा एका लबाड गिरणीवाल्याची गोष्ट रंगली असताना तिने ‘मग पुढे?’ म्हणत दुसऱ्यांदा भात घेतला. मी बघितलं नाही. पण चमचा भांड्यावर वाजला तर कान थोडेच मिटता येतात माणसाला? आणि काल धाकट्याने कुणी न सांगता गाजराचा तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि थुंकला. ताई, आपण होऊन थुंकला! तुझ्या भावजयीने आणि मी टेबलाखाली एकमेकांचे हात दाबले.

सगळं सुरळीत झालं असं म्हणत नाही. मोठी अजूनही एखाद्या दिवशी ताटात भाजीची बदली करते, आणि तेव्हा माझ्या पोटात तोच खड्डा पडतो. पण आता तो मी माझ्या पोटात ठेवतो.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बाकी ठीक. (हो, मीही लिहिलं.)

तुझा,
सरळ मनाचा भाऊ

ता. क. पुढच्या महिन्यात राहायला येतेयस हे वाचून सगळ्यांना आनंद झाला. तुझी खोली झाडूनपुसून तयार आहे.

ता. क. २. एक गोष्ट वर लिहायची टाळली, पण पत्र बंद करवेना. त्या दिवशी रस्त्यात मोठी आणखी बोलली होती. मागच्या खेपेला तू तिला जवळ घेऊन सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘अंगानं चांगली भरलीस गं, आता जरा बेतानं जेव.’ तू मायेनं म्हणालीस, आम्ही हसलो, तीही हसली. भाज्यांच्या बदल्या त्या आठवड्यापासून सुरू झाल्या. तुला दोष देत नाही, ताई. पण आपल्या शेजारच्या काकू तुला ‘भोपळी’ म्हणायच्या, आणि त्यांचा आवाज आला की तू गच्चीवर जाऊन बसायचीस, आठवतं? त्यांचाही तुझ्यावर जीवच होता. तेव्हा या खेपेला तिच्या अंगाबद्दल आणि ताटाबद्दल चांगलं, वाईट, काहीच बोलू नकोस. एवढंच मागायला हे सगळं पत्र लिहिलं. धाकटा भाऊ असून सांगतोय, रागावू नकोस. रागावलीस तर ‘ठीक’ लिहू नकोस, सरळ रागव.

ता. क. ३. मोठीने पत्र वाचलं. (पाकीट मी डिंकाने बंद केलं होतं. घरात एकाच्याही हाताचा भरवसा नाही.) ती म्हणते, आत्याला उगाच घाबरवू नका, तिला माझ्याच शेजारी बसवायचं. फक्त एक सांगून ठेवा: आमच्याकडे आता कुणी कुणाला आग्रह करत नाही आणि ‘नको’ म्हटलं की ते खरं धरतात. तेव्हा ताई, तुझ्या सवयीप्रमाणे तीनदा ‘नको नको’ म्हणून चौथ्यांदा घेणार असशील, तर उपाशी राहशील.