घरात आणखी कोण

१२ डिसेंबर १९१९
पोचले एकदाची. बोटीवर खारे मासे खाऊन खाऊन जीव विटला होता. नव्या देशाच्या दारातल्या या तपासणीच्या बेटावर उतरताच पांढरा पाव आणि मुरंबा मिळाला. डॉक्टरांनी डोळे पाहिले, छाती पाहिली, धडधाकट म्हणाले. पलीकडच्या काठावर कापडगिरणीचं गाव आहे. तिथं माझा भाऊ येफिम, वहिनी लुकेर्या आणि आमच्या खेड्यातले उस्तिनआजोबा व कारिओन एकाच घरात राहतात. लुकेर्याला नुकताच मुलगा झालाय. उद्या तपासनीस चार प्रश्न विचारणार आणि सोडणार. आत्या झाले, पण बाळाचं तोंड अजून पाहायचंय!

१३ डिसेंबर
तपासनीस हॅलेट भला माणूस दिसतो. बसायला खुर्ची दिली, चहा दिला. दुभाषा झाबिन आमच्याच मुलखाकडचा. हात वर करून शपथ घे म्हणाले. आमच्या पंथात शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, त्यात देवाला साक्षीला कशाला ओढायचं? तसं सांगितलं. मग विचारलं, सरकार मानतेस का? आमच्या पोरासोरांनाही पाठ असलेलं उत्तर दिलं: देवावाचून आम्हाला राजा नाही. झाबिनचा चेहरा उतरला. हॅलेट मात्र हसला, आणखी मुरंबा मागवला आणि म्हणाला, असं मानणारे इथे आणखी कोण आहेत? मी मोठ्या कौतुकाने येफिम, उस्तिनआजोबा आणि कारिओन अशी तिघांची नावं सांगितली. घर कुठे तेही सांगितलं. आपली माणसं आहेत म्हटल्यावर लवकर सुटेन असं वाटलं.

१७ डिसेंबर
अजून सोडलेलं नाही. दालनाला बाहेरून कडी असते हे आज कळलं. शेजारच्या खाटेवर रिव्का आहे, शिवणकाम करणारी, संपात धरलेली. माझी हकिकत ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अगं बये, कुणी बॉम्ब फोडल्यापासून यांना प्रत्येक परक्यात बंडखोर दिसतो. आणि तू राजा नाही म्हणालीस? वर घरही दाखवलंस?"

मी तर देवाचं बोलले होते. तिला तसं म्हटलं, तर हसली.

३ जानेवारी
काल गावोगावी धाडी पडल्या. जाळीपलीकडे पुरुषांचं दालन आहे. आज तिथे कारिओन दिसला. कपाळ फुटलेलं. आमच्या रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांना कमरेत वाकून नमस्कार केला. पहारेकऱ्याला ती खूण वाटली. त्याने कारिओनला पुन्हा मारलं.

५ जानेवारी
उस्तिनआजोबांनाही आणलं. त्यांनीही शपथ घेतली नाही. मी रडत जाळीशी गेले. ते शांतपणे म्हणाले, "खरं बोललीस, पोरी. आम्हीही हेच बोललो असतो."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

७ जानेवारी
येफिम आला. मी सांगितलेले सगळे आले.

हॅलेटने मला मुरंबा पाठवलाय. फक्त मला.

८ जानेवारी
येफिम जाळीतून कुजबुजला — लुकेर्या धाडीत सापडली नाही, बाळाला घेऊन घरातच लपलीय. कुठे, ते इथेही लिहीत नाही. सापडली तर तिला बोटीत घालून परत पाठवतील. बाळ इथं जन्मलेलं, इथलंच नागरिक, म्हणून ते इथेच अनाथालयात ठेवतील — अंगावर पिणारं पोर —

९ जानेवारी
रिव्काची खाट रिकामी आहे. बोटीवर चढवली म्हणतात. झाबिन हळूच सांगून गेला, हॅलेट उद्या मला एकच गोष्ट विचारणार: घरात आणखी कोण?

खोटं बोलायचं. ठरलं. पण जन्मात बोललेले नाही. ओठ हलतात, आवाजच फुटत —

१० जानेवारी
सकाळपासून घोकतेय. नुसतं "घरात" म्हणते आणि पुढे — पुढे खरं तेच येतं तोंडात. मला माझ्या जिभेची भीती वाटते.

लिहून पाहते. हाताला सवय झाली तर तोंडालाही —

घरात कोणी नाही.
घरात कोणी नाही.

कडी वाजली. हॅलेट. हसतोय —

घरात कोणी