उलटी लावलेली दगडांची पेटी

धाकट्याच्या आईस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे खुशाल आहोत. धाकटा पोटभर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

इथे तेलासाठी पंपाने पाणी दाबून जमिनीखालचा खडक फोडतात. आधी छिद्र पाडून काढलेले दगड मी धुऊन, लाल रेघ उजवीकडे ठेवून, पेटीत लावतो; रेघ डावीकडे आली तर खालचा दगड वरचा समजला जातो. ठिसूळ दगड पाण्याच्या दाबाने चटकन फुटतो. मऊ, मातकट दगड दाब नुसता गिळत बसतो आणि मग वरचा पाइपच फुटू शकतो. कोणत्या खोलीवर किती दाब द्यायचा, ते साहेब माझ्या पेट्या बघून ठरवतात. पंपाशी आपला धाकटा उभा असतो.

आज धूळ पुसताना एका पेटीत लाल रेघ डावीकडे दिसली. गेल्या महिन्यात चष्मा फुटला होता, तेव्हाची ती पेटी. नोकरी जाईल म्हणून तासभर गप्प बसलो. तेवढ्यात पंप सुरू झाला आणि मी ओरडत धावलो.

"आजोबा, झोपेत लावता का दगड?" साहेब खेकसले, पण पंप थांबवला.

धाकटा म्हणाला, "बाबा, या वयात काय पळता हो!" मला हसू आलं नाही. तो तास डोक्यातून जात नाही.

पंप उद्या पुन्हा सुरू होईल. ती पेटी सरळ लावली, बाकीच्या पेट्या चारदा तपासल्या आहेत. हे पत्र टपालपेटीत टाकून पाचव्यांदा बघायला जातो.

तुझा,
धाकट्याचे बाबा