पायऱ्यांवरचं मीठ

लेस्टर
२४ फेब्रुवारी १९९१, रविवार

प्रिय सुप्रभा,

सलाम. दरवेळी ‘प्रभूच्या नावात’ असं लिहिते. आज ते लिहायचं धाडस होत नाही, म्हणून नुसताच सलाम.

तुझी पाठ कशी आहे? आईला उचलून-ठेवून धरली होती, आता जरा आराम मिळत असेल. हे वाक्य लिहून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. पण खोडत नाही. या पत्रात काही खोडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

इथे या महिन्यात फार बर्फ पडला. दोन दिवस बसेस बंद होत्या. मीनल मिल्टन कीन्सला बरी आहे, कॉम्प्युटरच्या कंपनीत तिला बढती मिळाली. दर रविवारी फोन करते. तिचं मराठी तसंच, मोडकंतोडकं.

आज मी चॅपलला गेले नाही. एकोणीस वर्षांत ही दुसरी वेळ. पहिली वेळ होती दहा तारखेचा रविवार. आदल्या दिवशी तुझा फोन आला होता. एसटीडी बूथवरून तू एवढंच बोललीस, “आई गेली. उद्या सकाळी दहाला दफन आहे. तुला यायला जमणार नाही हे माहीत आहे, म्हणून विचारत नाही.” आणि ठेवलास. दुसऱ्या दिवशी मी पलंगावरून उठलेच नाही. कोणाला कळवलंही नाही.

चॅपलमध्ये मी काय करते हे तुला वर्षानुवर्षं कौतुकानं लिहीत आले. बुधवारी म्हाताऱ्यांचं जेवण, नाताळात साठ पानं, उपासनेनंतरचा चहा, हॉलची झाडलोट. एक गोष्ट मात्र कधी लिहिली नाही, कारण ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. थंडीत मी रविवारी आठलाच जाते आणि बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर मीठ टाकते. जाडंभरडं, तपकिरी, मातीसारखं दिसणारं मीठ. त्यानं बर्फ वितळतो. मग लोक येतात, ते तुडवत आत जातात, पायपुसण्याला पाय पुसतात आणि स्तोत्र म्हणायला उभे राहतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या थंडीत एकदा टाकलं आणि ते माझंच काम झालं.

त्या रविवारी मी नव्हते, मीठ नव्हतं. मिसेस पार्गेटर नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई दुसऱ्या पायरीवरून घसरल्या. खुबा मोडला.

गेल्या बुधवारी चर्च कौन्सिलची मीटिंग झाली. मला कधी बोलावत नाहीत. यावेळी बोलावलं. सेक्रेटरी डेरेकनं विचारलं, “पायऱ्यांवर मीठ का नव्हतं?” कोणीतरी म्हणालं, “ते सुमन बघते ना?” आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांनी.

आमचे पाळक मिस्टर हॅलम भले गृहस्थ आहेत. त्यांनी हात वर केला. “सुमन म्हणजे पृथ्वीचं मीठ, हे आपण सगळे जाणतोच.” हे ते दर हार्वेस्टला, सुगीच्या उपासनेत म्हणतात, मला किचनमधून ओढून पुढे आणतात, टाळ्या होतात, मी ॲप्रनला हात पुसत परत जाते. मागच्या वर्षी मंडळीचे वडील, एल्डर, निवडायचे होते तेव्हा कोणीतरी माझं नाव घेतलं, तर हेच म्हणाले होते, “सुमनला किचनमध्येच आनंद वाटतो.” या वेळी मात्र पुढे म्हणाले, “पण सुमन, येणार नसलीस तर एक फोन करायचास. बाई मेल्या असत्या.”

मी काय म्हटलं असेल? “सॉरी.” एवढंच. मग किचनमध्ये जाऊन त्या बारा जणांसाठी चहा केला. बिस्किटंसुद्धा ताटलीत नीट मांडली.

आई म्हणायची ते आठवलं. पंगतीत मीठ वाढणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, मीठ वाढायचं राहिलं की घेतात. आई हे हसून म्हणायची. आयुष्यभर मिशनच्या बायकांची बाळंतपणं केली, गावोगाव चालत गेली, मंडळीच्या अहवालात एकदा नाव छापून आलं तेही चुकीचं. तरी हसायची. प्रभूनं शिष्यांना मीठ म्हटलं ते काय चमकायला म्हटलं का, असं विचारायची. मी तिची मुलगी, पण मला ते हसणं जमलं नाही. घरी आले आणि मीनलला फोनवर सगळं सांगितलं. ती संतापली. “मम, तू त्यांना सांगितला का नाही? आजी गेला म्हणून?” मी म्हटलं, त्यांना काय करायचंय? खरं कारण ते नव्हतं. आई गेली असं म्हटलं असतं तर कोणीतरी पुढचा प्रश्न विचारला असता.

आणि तो विचारला गेलाच.

मिसेस पार्गेटर हॉस्पिटलात माझ्याच वॉर्डमध्ये आहेत. गुरुवारी सकाळी त्यांना स्पंज द्यायची माझी पाळी होती. पडदे ओढले, गरम पाणी आणलं. दोष देतील असं वाटलं होतं. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. पाठ पुसत होते तेव्हा म्हणाल्या, “किती हलके हात आहेत तुझे. तुझी आई नशीबवान.”

सुप्रभा, माझ्या हातातलं फडकं पाण्यात पडलं. मी म्हटलं, “ती गेली. तुम्ही पडलात त्याच्या आदल्या दिवशी.”

त्यांनी डोळे उघडले. “अरे देवा. आजारी होती?”

“वर्षभर अंथरुणावर होती. बहीण बघत होती.”

“मग तू का नाही गेलीस?”

किती साधा प्रश्न. त्यात टोमणा नव्हता. मी तुला जे लिहिलं तेच त्यांना म्हटलं, “रजा मिळाली नाही.”

आमच्या वॉर्डची हेड, सिस्टर डॉसन, पडद्याच्या पलीकडे औषधांची गाडी घेऊन उभी होती. तिनं आत डोकं घातलं. चेहऱ्यावर नुसता गोंधळ. “सुमन, डिसेंबरमध्ये मी तुला पाच आठवडे दिले होते. मीच सही केली. तूच आठ दिवसांनी येऊन रद्द केलीस.”

मी मिसेस पार्गेटरना कोरडं केलं, गाऊन घातला, उशी सारखी केली. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. काय समजायचं ते त्या समजल्या.

तर हे असं आहे. रजा मिळाली होती.

तुझं डिसेंबरचं पत्र माझ्यासमोर आहे. ‘अक्का, आईनं जेवण सोडलंय. रोज संध्याकाळी विचारते, सुमन निघाली का. आता ये.’ ते वाचून मी त्याच दिवशी रजा मागितली, एवढं खरं. मग आठ दिवस विचार करत राहिले. नाताळचं जेवण माझ्यावाचून कसं होईल, साठ म्हातारी माणसं, हे स्वतःला सांगितलं. जानेवारीत तिकडे आखातात युद्ध पेटलं, विमानांचं खरं नाही असं लोक म्हणू लागले. मला बरं वाटलं. आयतं कारण मिळालं.

खरं त्याहून वाईट आहे. तेवीस वर्षं मी परक्यांच्या आया धुते. युनिफॉर्म असतो, छातीवर नाव असतं, आठ तासांनी घरी येता येतं. आईला त्या अवस्थेत धुवायचं, तिनं ओशाळून माझ्याकडे बघायचं, आणि संपायची वेळ ठरलेली नाही, हे मला नको होतं. तू करत होतीस. शाळेची नोकरी सोडून करत होतीस. आणि मी तुला इथून लिहीत होते, ‘सुप्रभा, तू आपल्या घराचं मीठ आहेस.’ मिस्टर हॅलमनी मला जे दिलं तेच मी तुला पोस्टानं पाठवत होते. त्यांना तरी ठाऊक नव्हतं की मागे किचनमध्ये काय चाललंय. मला ठाऊक होतं.

जे सगळ्यात जास्त खातं ते हे. आई विचारायची तेव्हा तू तिला सांगायचीस, रजा मिळत नाही तिला. माझं खोटं तुझ्या तोंडून तिच्या कानात गेलं. तू लिहिलं होतंस की भेटायला येणाऱ्यांना ती म्हणायची, तिथं सुमनवाचून अडतं, सोडत नाहीत तिला. हे म्हणत म्हणत ती गेली. तिला माझा अभिमान वाटत होता, सुप्रभा. तिच्या उशाशी तू होतीस आणि अभिमान माझा.

आधी मनात आलं होतं की हे पत्र कबरीपाशी नेऊन तू तिला वाचून दाखव असं लिहावं. मग थांबले. आताही कामाला तूच! नको. जे सांगायचं ते मी येऊन सांगेन.

सव्वीस मार्चला मुंबईला उतरते, सत्तावीसला मिरज. ईस्टरला मी नसेन हे चॅपलमध्ये सांगितलं. मिस्टर हॅलम म्हणाले, “मग जेवणाचं कोण बघणार?” आई गेल्याचं त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. ते दुःख त्यांच्यासमोर मांडून सहानुभूती घ्यायचा मला हक्क नाही.

घरी उतरणार नाही. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये राहीन. ईस्टरआधीच्या उत्तम शुक्रवारी उपासनेला मागच्या बाकावर बसेन. तू माझ्याशेजारी बसावंस म्हणून हे लिहीत नाही. तुला वेगळा बाक घ्यायला वेळ मिळावा म्हणून लिहिते आहे.

क्षमा मागत नाही. मागितली तर देणं तुझ्यावर येईल, आणि आजवर जे जे तुझ्यावर आलं ते तू निमूट केलंस. हे एक करू नकोस.

तू असताना जिला यायची गरज वाटली नाही ती,
सुमन